नागपूर ते राजनांदगाव आणि पुढे

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीच्या एका डब्यात दोन प्रवासी समोरासमोर बसले होते. एक जण तिशी ओलांडलेला चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा व्यासंगी, कवी, आणि त्या दिवसांत पुन्हा एकदा नोकरीच्या शोधात निघालेला. दुसरा एक युरोपीय गृहस्थ. संस्कृत काव्यावरून बोलणे सुरू झाले, रंगले आणि हळूहळू धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत सहप्रवाशाच्या हाती दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून टाकले. ते ऐकून त्या ब्राह्मणाला हसू आले असल्यास नवल नाही. दोघांनीही एकमेकांची नावे विचारली नाहीत आणि पुढे त्यांची भेटही झाली नाही. तो ब्राह्मण म्हणजे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही कथा महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, टिळकांचे धर्मांतर म्हटले की आगगाडी आणि आगगाडी म्हटली की टिळकांचे धर्मांतर असे समीकरणच होऊन बसले आहे. श्रद्धावंतांना तीत ईश्वरी योजना दिसते, तर विरोधकांना मिशनऱ्यांच्या जाळ्यात सापडलेला एक भाबडा कवी दिसतो. दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत : जे काही घडले ते त्या डब्यात आणि त्या पुस्तकामुळे घडले. टिळकांचे आयुष्य सलग पाहू गेल्यास हे मत टिकत नाही. ज्या जमिनीत ते बी पडले ती तीस वर्षे नांगरली जात होती, आणि जे उगवले ते बाप्तिस्म्याच्या दिवशी पिकलेले नव्हते. त्याची वाढ पुढे चोवीस वर्षे, म्हणजे टिळकांच्या अखेरच्या आजारापर्यंत, चालूच होती.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली टिळकांचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकर, स्वभावाने अत्यंत कडक आणि संतापी. आई जानकीबाई देवभोळी, पदे आणि अभंग यांत रमणारी. या दोन स्वभावांच्या कात्रीत मुलाचे बालपण गेले. आईवर त्यांचा विलक्षण जीव होता, आणि ती गेली तेव्हा ते जेमतेम अकरा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर घरात राहणे त्यांना अशक्य झाले आणि ते पायी निघून नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा विद्वान गुरू त्यांना लाभला आणि संस्कृत काव्याचे दार उघडले. पुढील काळात टिळकांच्या लेखणीतून ईश्वराच्या पितृत्वाचा आणि मातृत्वाचा जो अखंड ध्यास दिसतो, त्याचे मूळ या घरात शोधण्याचा मोह होतो. ज्याला बापाची माया मिळाली नाही त्याला स्वर्गातल्या बापाची कल्पना अधिक भिडावी, हे तर्काला धरून आहे. पण तेवढ्यावरून सारा उलगडा होतो असे समजणे धाडसाचे ठरेल. तापट बापाची मुले त्या काळी घरोघर होती, ती सारी काही ख्रिस्ती झाली नाहीत.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका टिळकांना दिली गेली. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मी झाले. वधू अकरा वर्षांची, वर अठरा-एकोणीस वर्षांचा. त्यानंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे एक न संपणारी भटकंती. कुठे शाळामास्तर, कुठे पुराणिक, कुठे कीर्तनकार, कुठे छापखान्यात खिळे जुळवणारा, अशी टिळकांची नाना रूपे या काळात दिसतात. नोकरी मिळे, ती टिकण्याआधीच सुटे. हाती पैसा आला की तो दुसऱ्याच्या गरजेला जाई आणि घरात चूल थंड राही. घरदार सोडून एकाएकी नाहीसे होण्याची खोडही त्यांना होती. लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रांत हे सारे इतक्या मोकळ्या विनोदाने सांगितले आहे की, वाचक हसतो आणि मग आपण कोणाच्या हालांवर हसलो हे ध्यानात येऊन ओशाळतो.

या भटकंतीतील नागपूरचा मुक्काम सर्वांत महत्त्वाचा. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी विद्याव्यासंगी पंडितांचे आश्रयदाते होते. संस्कृत धर्मग्रंथांच्या संपादनाचे आणि भाषांतराचे काम त्यांनी हाती घेतले होते आणि त्यात टिळकांना स्थान दिले. याच काळात टिळक ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवीत होते. हिंदू धर्मातील प्रश्नांची शास्त्रार्थाने आणि विवेकाने चर्चा करावी हा त्याचा हेतू. म्हणजे भावी ख्रिस्ती धर्मोपदेशक हा नागपुरात वैदिक धर्माचा संपादक होता! वरवर पाहता यात विसंगती वाटते. वस्तुतः सूत्र येथेच सापडते. जो माणूस धर्माविषयी उदासीन असतो तो धर्म बदलत नाही. त्याला त्याची गरजच भासत नाही. टिळक शास्त्रांचा अभ्यास करीत होते तो पोटासाठी जितका, तितकाच स्वतःच्या समाधानासाठी. आणि समाधान होत नव्हते. जन्मावरून ठरणारी उच्चनीचता त्यांना पटत नव्हती. मूर्तिपूजेवरचा विश्वास उडाला होता. ईश्वर एक आहे, तो सर्वांचा पिता आहे आणि म्हणून माणसे भावंडे आहेत, इथवर त्यांचे मन स्वतःच्या विचारानेच येऊन पोहोचले होते. जातिभेद नसलेला एक नवाच धर्म स्थापावा असे विचारही त्यांच्या डोक्यात घोळत असत.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. नागपूरला ख्रिस्ती प्रचार नवा नव्हता. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये या प्रदेशात आले आणि १८६३ मध्ये बोरीजवळच्या पुरात बुडून मरण पावले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून शहरात उभे होते. हिस्लॉप हे साधे पाद्री नव्हते; या भागातील खडक, जीवाश्म आणि आदिवासींच्या भाषा यांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही मान्य आहे. तथापि, टिळकांच्या वळणाचे श्रेय नागपुरातील या संस्थेकडे जात नाही. अर्ध्या शतकाची शाळा, प्रवचने आणि वादविवाद ज्या माणसापर्यंत पोहोचले नाहीत, त्याच्यापर्यंत एका अनोळखी प्रवाशाने खिशातून काढून दिलेले पुस्तक पोहोचले. संस्थांचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे अवघड वाटेल. श्रद्धेच्या इतिहासात मात्र अशा नोंदी पानोपानी आढळतात.

पुस्तक हाती आले म्हणजे क्रांती झाली असेही नाही. प्रारंभी टिळकांना त्यात विशेष गोडी वाटली नाही. वाचीत राहिले ते दिलेल्या वचनासाठी. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथे थबकले. शत्रूवर प्रेम करा, न्याय करू नका, उद्याची चिंता वाहू नका, या उपदेशात तर्कशास्त्राची कोटी नव्हती. ‘ऋषि’च्या संपादकाला ज्या प्रश्नांची उत्तरे शास्त्रार्थात मिळाली नाहीत, ती येथे एका व्यक्तीच्या वागण्याच्या रूपाने समोर उभी राहिली. पुढे त्यांनी एका ख्रिस्ती नियतकालिकाकडे टोपणनावाने शंका पाठविल्या आणि त्यातून मुंबईचे अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी संबंध आला. हेच अ‍ॅबट उतारवयात महाराष्ट्रातील संतचरित्रांचे आणि संतकाव्याचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आले. टिळकांना ख्रिस्ताकडे नेणाऱ्या साखळीतील एका दुव्याला महिपती आणि तुकाराम यांचा असा ध्यास लागावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

महाराष्ट्रातील इतर नामांकित धर्मांतरितांशी तुलना केली की टिळकांचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. नीलकंठशास्त्री गोरे काशीचे दार्शनिक. मिशनऱ्यांचे खंडन करण्यास ते निघाले आणि खंडन करता करता १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. वादाने ते आले आणि षड्दर्शनांशी वाद करीतच जगले. शंकांचा काटा त्यांच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही असे त्यांचे चरित्र वाचताना वाटते. बाबा पदमनजी १८५४ मध्ये आले ते ग्रंथवाचन, परमहंस मंडळीचा सहवास आणि आत्मपरीक्षण यांच्या वाटेने. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर फारच उद्बोधक आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म तेव्हा मिळाला, ख्रिस्त मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी सापडला, अशी कबुली त्यांनीच पुढे देऊन ठेवली आहे. बाप्तिस्म्याची तारीख चर्चच्या वहीत लिहिली जाते. अंतःकरणातील नोंद तिच्या आधीची असते किंवा नंतरची. टिळकांच्या बाबतीत ती दोन्हीकडे पसरलेली आहे.

बाप्तिस्मा घेताना टिळकांनी एक आग्रह धरला. तो विधी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न होता एखाद्या भारतीयाच्या हातून व्हावा. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो केला. धर्म बदलला, देश बदललेला नाही, हे सांगण्याची ही त्यांची रीत होती. नाव बदलले नाही, पोशाख बदलला नाही, आणि पुढे त्यांच्या लेखणीतून हिंदुस्थानाविषयीची जी उत्कट गीते उतरली त्यांत परकेपणाचा मागमूस नाही.

परंतु याच प्रसंगी त्यांच्या हातून असे एक कृत्य घडले की ज्याचे समर्थन त्यांच्या निस्सीम चाहत्यालाही करता येऊ नये. पत्नी माहेरच्या माणसांत होती, मुलगा दत्तू लहान होता, आणि टिळकांनी हे पाऊल तिला विश्वासात न घेता उचलले. ज्या समाजात पतीचा धर्म म्हणजे पत्नीचे सारे जग, तेथे एका बातमीने लक्ष्मीबाई सधवा असून अनाथ झाल्या. शोक करावा तर नवरा जिवंत, आणि त्याच्याकडे जावे तर जात, आप्त, देवघर सारेच सुटणार. सुमारे साडेचार-पाच वर्षे त्यांनी पंढरपुरात आणि इतरत्र नातलगांच्या आधाराने काढली. दुःखाने बुद्धी ढळते की काय, अशी अवस्था झाली. या वर्षांतच त्यांच्या दुःखाला कवितेची वाट सापडली. डोंगरावरच्या प्रवचनाने भारावलेल्या माणसाने आपल्या घरातील सर्वांत जवळच्या माणसाला एवढी यातना द्यावी, हे कसे? घरच्यांना आधी कळते तर त्यांनी आपल्याला अडविले असते, ही भीती टिळकांना वाटली असणार, आणि ती निराधार नव्हती. तरीही हिशेब चुकता होत नाही. श्रद्धेचे मोल श्रद्धावंताने स्वतः मोजले तर ते शौर्य. दुसऱ्याच्या पदरातून मोजले तर त्याला काय म्हणावे हा प्रश्न टिळकांच्या चरित्रात उरतोच. लक्ष्मीबाईंनी त्याचे उत्तर आरोपाने दिले नाही. टिळकांच्या थोरवीला जराही धक्का न लावता त्यांनी घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवले.

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या. टिळक तेथे मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. आता कसोटी होती ती टिळकांच्या श्रद्धेची, आणि येथे मात्र ते खरे उतरले. पत्नीचे सोवळे त्यांनी मोडले नाही. तिची वेगळी सोय केली, तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. धर्माची सक्ती नाही. घाईही नाही. एका छपराखाली ख्रिस्ती पती आणि सोवळ्यातील ब्राह्मण पत्नी असा संसार सुरू झाला, आणि स्मृतिचित्रांतील काही अजरामर प्रसंग या विचित्र संसारातून आले. लक्ष्मीबाईंचा बदल कोणत्याही प्रवचनाने झाला नाही. एकदा विचार करता करता त्यांच्या मनात आले की, पशुपक्ष्यांत देवाने जाती केल्या, पण माणूस हा सारा एकच. मग ब्राह्मण आणि महार हा भेद देवाने केला की माणसाने? माणसाने, असा कौल त्यांच्या मनाने दिला आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खाण्यास त्या मोकळ्या झाल्या. टिळकांना जे ग्रंथांच्या, वादांच्या आणि पत्रव्यवहाराच्या वळणावळणाच्या वाटेने गवसले, ते या अल्पशिक्षित बाईने घरकाम करता करता स्वतःच्या अकलेने गाठले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोघांची श्रद्धा एक झाली, पण ती एकाच बियाण्याची होती असे म्हणवत नाही. त्यांची ईश्वराची ओढ कवीची, तर हिची माणसाची कणव स्वयंपाकघरातली.

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि महाराष्ट्र त्यांना रेव्हरंड टिळक म्हणून ओळखू लागला. ज्या चर्चमध्ये ते आले तेथील उपासना त्यांना खटकत होती. इंग्रजी स्तोत्रांची ओढूनताणून केलेली भाषांतरे, परक्या चाली, मराठी जिभेला न मानवणारी शब्दरचना. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी त्यांच्याआधी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता हे खरे, परंतु त्यावर इमारत उभी केली ती टिळकांनी. अभंग, ओवी, पदे, भजने यांचा त्यांनी वर्षाव केला. मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी जी गीते गातात त्यांतील फार मोठा वाटा आजही टिळकांचाच आहे. ज्ञानोदय या १८४२ पासून चालत आलेल्या पत्रातही त्यांची लेखणी सतत चालत राहिली.

हे केवळ भाषेचे सुधारकाम नव्हते. ख्रिस्ती झाल्यानंतरच्या वर्षांत टिळक पुन्हा ज्ञानेश्वर-तुकारामांकडे वळले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघडपणे सांगू लागले. हे विधान नुसते गोड वाटते म्हणून उद्धृत करण्याची प्रथा आहे. त्यातील अर्थ अधिक खोल आहे. नागपुरात ‘ऋषि’ चालविताना टिळकांनी वेदांत आणि शास्त्रे धुंडाळली, पण लहानपणी आईच्या तोंडून कानी पडलेली भक्ती तेव्हा बाजूलाच राहिली होती. बाप्तिस्म्याने त्यांना जुन्यापासून तोडले असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात त्याच वाटेने जाताना त्यांना आईचा अभंग पुन्हा सापडला. अपराधी भक्त, रुसणारा भक्त, लेकराप्रमाणे हट्ट धरणारा भक्त हे वारकरी काव्यातील सारे भाव त्यांच्या ख्रिस्तगीतांत नव्याने अवतरले. याबद्दल सनातनी हिंदू त्यांच्यावर रागावले आणि काही कर्मठ ख्रिस्तीही साशंक झाले. दोन्हीकडून टीका होणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखे काही तरी असते.

नगरच्या त्यांच्या घराचे दार कोणालाही बंद नसे. निराधार मुले, विद्यार्थी, कवी, भणंग अशांचा तेथे राबता असे आणि खर्चाची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंच्या माथी येई. बालकवी ठोमरे या घरात पोटच्या मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि टिळकांच्या मायेत त्यामुळे अंतर पडले नाही. ज्यांना प्रत्येक मिशनरी घर म्हणजे धर्मांतराचा सापळा वाटतो त्यांनी बालकवींचे चरित्र जरूर पाहावे.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, टिळकांनी आणखी एक पाऊल उचलले. मिशनची पगारी चाकरी त्यांनी सोडली, साताऱ्यास वास्तव्य केले आणि ख्रिस्ती संन्याशाची वृत्ती पत्करली. देवाचा दरबार या नावाने एक बंधुसंघ उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात आणि पत्नीचा सहवास पणाला लावला, तोच बावीस वर्षांनी सांगत होता की ख्रिस्ताचा शिष्य होण्यास बाप्तिस्म्याचा शिक्का अपरिहार्य नाही. मिशनमधील अनेकांना हे पचले नसेल तर दोष त्यांचा नाही. स्वतःच्याच उंबरठ्यापलीकडे जाणारी अशी श्रद्धा कोणत्याही संस्थेला अडचणीची असते. परक्या पैशावर चालणारी, परक्या साच्यात ओतलेली मंडळी या मातीत रुजणार नाही, हे त्यांना अनुभवाने पटले होते. ज्या प्रश्नांवर तो दरबार उभा होता त्यांवर भारतीय चर्चमध्ये पुढे दीर्घ काळ चर्चा होत राहिली.

दरबाराला मात्र आयुष्य लाभले नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य आरंभिले होते. त्याचे पहिले काही अध्यायच लिहून झाले होते. पुढचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. टिळकांच्या हाताखालीच त्या अक्षरे गिरवायला शिकल्या होत्या, आणि ज्या नावाने एके काळी त्यांचा संसार उद्ध्वस्त केला त्याच नावाच्या ओव्या आता त्या रचीत बसल्या. वर्षामागून वर्षे त्यांनी अध्याय लिहिले आणि टिळकांच्या अध्यायांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. स्मृतिचित्रांचे भागही याच काळात प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या तेव्हा ख्रिस्तायन त्यांनी बरेच पुढे नेले होते; ते ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती आले ते त्यांच्या मागे, १९३८ मध्ये.